या पावणं, जेवायला

१

हंबीरराव नलवड्यांना कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोण ओळखत नव्हतं? ट्रकचा हौदा बांधायचा तर तो त्यांच्याच शेडमध्ये. माणूस आडदांड, आवाज त्याहून मोठा, पण मनानं दिलदार. जेवायला बसले आणि दारावरनं कुणी अनोळखी चालला, तरी ताटावरनं ओरडणार, "या पावणं, जेवायला!" आता असं म्हणायची आपल्याकडं रीतच आहे. ऐकणाराही शहाणा असतो, "हूं द्या, हूं द्या" म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो. उद्या खरंच कुणी ताटाशी येऊन बसला, तर घरच्या बाईनं काय करावं? पण म्हटल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

आणि असल्या माणसानं पोटच्या पोरीला चार वर्षांत एकदाही "ये" म्हटलं नव्हतं.

मालननं आपल्या मनानं लग्न केलं होतं, कोकणातल्या एका परजातीच्या मास्तराशी. बातमी कळली त्या सकाळी हंबीरराव परसात गेले, सदऱ्या-धोतरासकट गार पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेतली आणि तसेच निथळत सैपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "पोरीच्या नावानं आंघोळ केली," ते शालूबाईला म्हणाले. "संपलं." जित्या लेकीच्या नावाची आंघोळ! काय म्हणावं ह्या माणसाला? शालूबाईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. फरशीवर उमटलेली नवऱ्याची ओली पावलं वाळेपर्यंत ती त्यांच्याकडं बघत बसून होती.

यंदा उन्हाळ्यात मालनचा निरोप आला. जावयाला तिकडं लांब चांद्याला नोकरी लागली होती. पोराला घेऊन सगळेच आता निघणार. 'आबांनी एकदा तोंडानं ये म्हणावं,' तिनं कळवलं होतं. 'मी लगेच माहेरपणाला येतो. न्हाय म्हटलं, तर ह्या जन्मात पुन्हा कोल्हापूरची पायरी चढणार न्हाय.' बापाचीच लेक ती. बोलली म्हणजे करणार, हे शालूबाईला पक्कं ठाऊक होतं.

योग असा, की त्याच सुमाराला हंबीररावांची घरगाडी तयार झाली होती. गावभर तिचंच कौतुक. नव्या चासीवर त्यांनी स्वतः सांगाडा बांधला, आत झोपायला फळ्या, स्टोव्हला कप्पा, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. "आता जाईल तितं आपलं घर," म्हणायचे. पहिली फेरी कोकणात समुद्रावर काढायची ठरली. माणसं तीन: हंबीरराव, शालूबाई आणि हंबीररावांची विधवा थोरली बहीण आक्का, जिला मोतीबिंदूमुळं माणसं आवाजावरनंच ओळखू यायची. झोपायच्या जागा मात्र चार होत्या.

चौथ्या जागेवर शालूबाईनं मालनची जुनी वाकळ अंथरली. हंबीररावांनी ते बघितलं. बराच वेळ मिशीवरनं हात फिरवला.

"बघू," ते म्हणाले. "वाटंत भेटली तर बोलीन."

शालूबाईला हे आभाळाएवढं वाटलं. तिनं उलट निरोप धाडला: आंबा घाट उतरल्यावर तुमच्या गावाचा फाटा फुटतो, त्या तिठ्यावर दुपारी उभी ऱ्हा.

२

आता वाट आखायची कशी, हे हंबीररावांना कोण सांगणार? सोप्यात नकाशा पसरला, कोल्हापूरवर एक टाचणी, समुद्रावर एक, आणि मध्ये दोरा ताणला.

"एवढंच तर हाय," ते म्हणाले. "सकाळी ज्योतिबा, मग पन्हाळा, मलकापुरात च्या, दुपारी तिठा, दिवस मावळायला समुद्र."

"दोऱ्याला घाट लागत न्हाय रं हंबिऱ्या," आक्का भिंतीला टेकून म्हणाली. "गाडीला लागतोय."

"तू गप ग."

व्हायचं तेच झालं. ज्योतिबाला गर्दी निघाली. पन्हाळ्याच्या रस्त्याला वडाच्या फांद्या गाडीच्या टपावर अशा कराकरा घासल्या, की हंबीरराव उतरून पत्र्यावरचे ओरखडे पुसत बसले. इतक्या उंच गाडीला कुठली वाट चालेल, हा विचारच त्यांनी केला नव्हता. मलकापूर आलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शालूबाई त्यांच्या शेजारच्या बाकड्यावर बसून नुसती चुळबुळत होती.

"अवं, पोरगी उन्हात उभी असंल. आता कुठं थांबू नगासा. सरळ मोठ्या रस्त्यानं चला."

तोच तर घोटाळा झाला. उशीर झालाय हे बायकोनं सांगितलं की ह्या माणसाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. त्यांनी स्टिअरिंगवरच नकाशा उघडला. मलकापूरच्या पुढं डाव्या अंगाला एक वाट फुटत होती आणि घाटाचा सगळा वळसा टाळून थेट तिठ्याकडं उतरत होती. अगदी ताणलेल्या दोऱ्याखालनं.

"ही बघ. घाटच नगो."

"ही रेघ सलग न्हाय," शालूबाई म्हणाली. "ठिपकं ठिपकं हाईत नुसतं. कुणाला तरी इचारा आधी."

"नकाशा कोण बघतंय, तू का मी?"

त्यांनी कुणालाच विचारलं नाही. गाडी डावीकडं वळली.

३

डांबर संपलं, मग खडी संपली, मग नुसती तांबडी चाकोरी राहिली. सड्याचं उघडं माळरान लागलं. सगळा काळा कातळ, अधूनमधून करवंदीची जाळी, आणि झाड म्हणाल तर औषधालाही नाही. वारा पडलेला होता. शेवटी वाटेत खडीचा एक ढीग आडवा आला आणि त्याच्या पलीकडं जमीनच नव्हती. खाली कोकण धुरकट दिसत होतं. रस्ता अजून व्हायचा होता. कधी, ते नकाशावर लिहिलेलं नव्हतं.

गाडी फिरवायला जागा नव्हती. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला उतार. उलटी घेत मागं जायचं, तर एवढी लांब गाडी, आणि मागचं काही दिसत नव्हतं. हंबीरराव खाली उतरले, दोन्ही बाजू बघितल्या, आणि चूक कबूल करायची वेळ आली की जे करायचे तेच केलं.

"भूक लागलीया," ते म्हणाले. "जेवून घेऊ."

शालूबाईला रडायला येत होतं. पण भांडून गाडी फिरणार नव्हती. गाडीच्या सावलीत तिनं सतरंजी टाकली, भाकरी, खर्डा, दह्याचं गाडगं काढलं. इतकं शांत होतं, की आक्काचं चावणं ऐकू येत होतं.

हंबीररावांनी पहिला घास हातात घेतला आणि सवयीनं वर बघितलं. खडीच्या ढिगापाशी कुणीतरी उभं होतं. पाठमोरं, डोक्यावरनं पदर घेतलेलं, दरीकडं तोंड करून. गुराखीण असेल, शालूबाईला वाटलं. पण आपण उतरलो तेव्हा तिथं कुणी होतं का?

"या पावणं, जेवायला!" हंबीरराव ओरडले.

घास हातात धरून ते थांबले. शालूबाईही थांबली. आता "हूं द्या" येणार, मग जेवायचं. जन्मात कधी ते आलं नाही असं झालं नव्हतं.

काहीच आलं नाही. उभं होतं ते हललंही नाही.

"ऐकू गेलं न्हाय वाटतं," हंबीरराव म्हणाले, आणि शालूबाईनं हात धरायच्या आत आणखी मोठ्यांदा ओरडले, "या की! लाजताय काय? घर आपलंच हाय!"

एकदा म्हणणं ही रीत. दोनदा म्हणजे आग्रह झाला. शालूबाई पाण्याच्या तांब्यासाठी वळली आणि परत बघते, तर ढिगापाशी कुणी नव्हतं. आता तिथं लपायला जागा कुठली? जाळी लांब होती आणि पलीकडं नुसता कडा.

"आली व्हय?" आक्कानं विचारलं.

"कोण आली? कुणी न्हाय तितं."

"बोलावलंय न्हवं त्यानं? मग ताट वाढ. बोलावलेल्याचं ताट रिकामं ठेवू नये."

शालूबाईनं ताट वाढलं. आक्काशी कोण हुज्जत घालणार? भाकरी, दही, खर्डा, आणि ते गाडीच्या दाराच्या पायरीवर ठेवून दिलं. मग घाईघाईनं आवराआवर केली. पायरीवरचं ताट उचलायला गेली, तर ताट पायरीवर नव्हतं. आत चौथ्या जागेवर, वाकळीवर ठेवलेलं होतं. भाकरी संपलेली, दही बोटानं निपटलेलं. खर्ड्याला मात्र हात लावलेला नव्हता.

कावळा असेल, शालूबाईनं मनाला बजावलं. कावळा ताट उचलून आत नेत नाही, हेही तिला कळत होतं. पण त्याहून दुसरंच तिच्या मनात आलं आणि ते तिला नको होतं. मालननं लहानपणापासनं कधी खर्डा तोंडात घातला नव्हता.

४

"मी मागं घेतो," हंबीरराव गाडीत चढत म्हणाले. "तू मागनं थापा दे. एक पडली की थांबणार, दोन पडल्या की येणार."

शालूबाई मागं जायला निघाली. दारापाशी पोचते तोवर गाडीच्या पाठीमागच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. धप्, धप्. गाडी मागं सरकायला लागली.

ती जाग्यावरच उभी राहिली. आक्का तर आत बसलेली होती. पुन्हा दोन थापा. वळण आलं तिथं एक, मग जरा थांबून दोन. कशी बेतशीर, जन्मभर हेच काम केल्यासारखी! शालूबाई गाडीबरोबर उलटी चालत राहिली, पण मागं जाऊन बघायचं धाडस तिला झालं नाही. वाट रुंद झाली तशी गाडी फिरली आणि हंबीररावांनी खिडकीतनं डोकं काढलं.

"झकास थापा दिल्यास की गं! कुठं शिकलीस?"

"मी न्हवं," शालूबाई म्हणाली.

ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली. ती मुकाट्यानं येऊन पुढच्या बाकड्यावर बसली, कारण दुसरं करणार काय? कातळावर एकटी राहणार?

मोठ्या रस्त्याला लागल्यावर आक्काच्या बोलण्याचा आवाज येऊ लागला. आधी शालूबाईला वाटलं, म्हातारी जप करतेय. मग शब्द कानावर आले.

"किती गार पडलीयास गं. केस तरी पुसायचं हुतंस."

"आक्का, कुणासंगं बोलताय?"

"मालनसंगं," आक्का म्हणाली. "दुसरं कोण हाय हितं?"

टाकी गळत असेल, पाणी आक्काच्या हाताला लागलं असेल, म्हातारीला भास झाला असेल. शालूबाईनं एकेक करून सगळं मनाशी मांडलं आणि उठून मागं गेली. टाकीखालची फळी कोरडी ठणठणीत होती. ओल होती ती दारापासनं चौथ्या जागेपर्यंत. पावलांची. वाकळ डोक्यापर्यंत ओढलेली आणि तिच्याखाली काहीतरी कुशीवर वळून निजलेलं. काठावरनं एक वेणी खाली लोंबत होती आणि तिच्या टोकातनं पाण्याचा थेंब पडत होता. आक्कानं वाकळीखाली हात घालून कुणाचा तरी हात धरलेला होता.

शालूबाई मागच्या मागं परतली.

"अवं, गाडी थांबवा. मागं कुणीतरी हाय."

हंबीररावांचं लक्ष समोरच्या आरशात होतं. त्यांच्या तोंडावर असं काही होतं, जे शालूबाईनं चार वर्षांत बघितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघितलं मी," ते हळूच म्हणाले. "तूच आणलीस न्हवं तिला? वाटंतच गाठलीस, आणि मला सांगितलं न्हाईस. बरं केलंस. समोरनं आली असती, तर मला बोलाय जमलं नसतं."

"ती मालन न्हवं! मालन तिठ्यावर हाय. देवाशपथ सांगतो, ती आपली मालन न्हवं!"

"मालन," ते आरशात बघत म्हणाले, "चुकलो गं मी. माणसानं असं करू नये. जित्या लेकराचं असं करू नये." त्यांचा तो गावभर ऐकू जाणारा आवाज आता फुटत होता. "ये गं. घरला ये. बापाचंच घर हाय."

चार वर्षं शालूबाई ह्याच शब्दासाठी देवापुढं दिवा लावत होती. तो आला, आणि असा आला! तिला वाटलं, तोंडातनं बाहेर पडलेला तो शब्द धरावा आणि पुन्हा त्यांच्या तोंडात कोंबावा. ज्याच्यासाठी तो होता, ती पोरगी अजून उन्हात उभी होती.

मागनं कुणीतरी अगदी बारीक आवाजात म्हणालं, "व्हय, आबा."

५

घाट उतरला तेव्हा उन्हं कलली होती. तिठा लांबनंच दिसला, आणि मैलाच्या दगडाशी उभी मालनही. झाडाची सावली म्हणून नव्हती तिथं. तोंड तांबडंलाल झालेलं, खांद्यावर पोर झोपलेलं, पायाशी गाठोडं. गाठोडं! म्हणजे येण्याच्या तयारीनंच आली होती ती.

हंबीरराव गाडी थांबवणार नव्हते. शालूबाईनं त्यांच्या हातालाच हिसका दिला, तेव्हा गाडी कचकन उभी राहिली. तिनं उठून दार उघडलं.

मालननं आईकडं बघितलंच नाही. तिला एकाच माणसाकडनं काय ते ऐकायचं होतं. ती पायरीवर चढली, एका हातानं दांडी धरून.

"आबा," ती म्हणाली.

हंबीररावांनी मान वळवली. शालूबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती. त्या तोंडावर राग नव्हता. राग असता तरी तिनं पेढे वाटले असते. तिथं नुसतं हसू होतं, दारावरनं जाणाऱ्या कुणाही माणसाला मिळायचं ते.

"अवं, ही मालन! डोळं फुटलं का तुमचं? ही काय तुमची लेक, समोर उभी हाय! हा नातू तुमचा!"

"हळू बोल," हंबीरराव म्हणाले. "पोरीला मागं झोप लागलीया." मग पायरीवरच्या बाईकडं बघून मोकळ्या आवाजात म्हणाले, "या पावणं, जेवायला. लेक आलीया माझी माहेराला."

मालन तशीच उभी राहिली. तिची नजर बापावरनं निघाली आणि आत गेली, आक्कावर, आक्काच्या हातावर, आपल्या जुन्या वाकळीवर. तिथं ती थांबली. तिला काय दिसलं, हे तिनं पुढंही कधी सांगितलं नाही. तिनं फक्त पोराच्या तोंडावर पदर ओढला.

मग कोल्हापूरच्या पोरीला जे शिकवावं लागत नाही, ते ती म्हणाली.

"हूं द्या," ती म्हणाली. "जेवा तुम्ही."

आणि पायरी उतरली. गाठोडं उचललं, आणि गावाच्या फाट्यानं चालायला लागली.

शालूबाई दारातनं ओरडली, "मालन, थांब! अगं, ह्येंचं काय ऐकतीस?" मालन थांबली नाही. शालूबाई आत वळली. "आक्का, उतरा खाली. माझ्यासंगं चला."

"पोरगी हितं सोडून मी कुठं जाऊ?" आक्का म्हणाली. वाकळ हळूहळू वर उचलली जात होती. आतलं उठून बसत होतं. ओल्या केसांची एक बट गालावर चिकटलेली, आणि गाल मालनचाच होता, लहानपणी पडल्याची खूणसुद्धा तीच. डोळे मात्र शालूबाईनं बघितले नाहीत. तिनं तोंड फिरवलं आणि खाली उडी घेतली.

लेकीमागं जायचं तर आत्ताच जायला हवं होतं. ती फाट्याच्या वळणापाशी पोचली होती. शालूबाईनं एकदा नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं. त्या रुंद, हटवादी पाठीशी तिनं अर्धा जन्म भांडण केलं होतं. मग तिनं दोन्ही हातांनी दार ओढलं आणि बाहेरनं लावून टाकलं.

"अगं," आतनं हंबीररावांचा आवाज आला, "बसलीस न्हवं?"

"बसलो की," आतनं उत्तर आलं. शालूबाईचाच आवाज, ओरडून बसलेला, जसा आत्ता तिच्या घशात होता तसाच. "चला."

पत्र्यावर दोन थापा पडल्या, आणि गाडी हलली.